एक बाजू गरम, एक बाजू गार

खांद्यावर अजगर घेऊन काढलेली रील पंधरा सेकंदांची असते. त्या अजगराचे उरलेले तेवीस तास एकोणसाठ मिनिटं ज्या पेटीत जातात, तिथे ऊब कुठून येते आणि खाली काय अंथरलंय, हे त्या रीलमध्ये दिसत नाही.

रील तुम्ही पाहिलेली असणारच. गळ्यात मफलरसारखा गुंडाळलेला बॉल पायथन, मागे लो-फाय म्युझिक, खाली कमेंट्समध्ये 'सो क्युट' आणि 'आई गं!' यांची जुगलबंदी. 'एक्झॉटिक पेट' हा शब्द आता आपल्या कॉलेज कट्ट्यांवरही सहज येतो. या विषयावर लिहितेय म्हटल्यावर ऑफिसमध्ये पहिला प्रश्न आला, "चावतो का?" दुसरा आला, "खातो काय?" तिसरा कुणी विचारलाच नाही. खरं तर तोच सगळ्यात महत्त्वाचा होता: त्याला थंडी वाजली तर तो काय करतो?

काहीच करत नाही. म्हणजे करूच शकत नाही. आपण कुडकुडतो, गोधडी ओढतो, चहा टाकतो. कुत्रं अंगाचं वेटोळं करतं आणि त्याच्या शरीरातली भट्टी चालू राहते. सापाच्या शरीरात अशी भट्टी नसते. शाळेत आपण 'शीतरक्ती' हा शब्द पाठ केला, पण तो थोडा फसवा आहे. सापाचं रक्त थंड असतं असं नाही, ते भोवतालाइतकं असतं. ऊब हवी असेल तर साप उन्हात सरकतो, जास्त झाली तर बिळात जातो. दिवसभर त्याचं हेच चालतं. थोडं गरम, थोडं गार, पुन्हा थोडं गरम. खाल्लेलं पचवणं, आजाराशी लढणं, कात टाकणं, हे सगळं त्या सरकण्यावर अवलंबून असतं.

आता त्याला तीन-चार फुटांच्या पेटीत ठेवा. ऊन तुम्ही, बीळ तुम्ही, ऋतूसुद्धा तुम्हीच.

आधी कायद्याचं बोलू

हे लवकर उरकते, पण टाळता येणार नाही. नाग, धामण, घोणस, आपला भारतीय अजगर, मांडूळ यातलं काहीही घरी पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. 'पण मी त्याची काळजी घेतोय ना' हे कारण चालत नाही. सर्पमित्र साप पकडतात ते सोडण्यासाठी, ठेवण्यासाठी नाही.

बॉल पायथनसारख्या परदेशी सापांचं प्रकरण वेगळं आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या साइट्स करारातल्या प्रजाती २०२२ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यात आल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून ती दुरुस्ती लागू झाली. २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा प्राण्यांची नोंद सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. तेव्हा कुणी इन्स्टावर 'बेबी बॉल पायथन, डीएम फॉर प्राइस' म्हणत असेल, तर आधी कागद मागायचे. कागद नसतील तर तो जीव कसा आला असेल याचा अंदाज करा. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाकडे नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले होते. बिस्किट-केकच्या पाकिटांत लपवलेले. बिस्किटाच्या पाकिटात गरम बाजू आणि गार बाजू नसते.

बिळात राहणारा प्राणी

बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा. घाना, टोगो, बेनिन या देशांतून तो जगभर गेला. ब्रिटनमध्ये त्याला रॉयल पायथन म्हणतात. घाबरला की डोकं मध्ये घेऊन चेंडूसारखा गोळा होतो, म्हणून 'बॉल'. दिवसा तो उंदरांच्या बिळांत, वाळवीच्या वारुळांत बसून असतो आणि रात्री बाहेर पडतो. त्याच्या वरच्या ओठावर बारीक खड्ड्यांची एक रांग असते. या खड्ड्यांनी त्याला उष्णता 'दिसते'. काळोखात उंदीर कुठे आहे, हे उंदराच्या अंगाच्या उबेवरून त्याला कळतं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे पेटी सजवताना लोक नेमकं उलटं करतात. मोठी काचेची टाकी, चारही बाजूंनी उघडी, वर भगभगीत दिवा, खाली पांढरी वाळू आणि एक प्लास्टिकचा कॅक्टस. दिसायला वाळवंट. राहणारा मात्र बिळातला.

पाळणाऱ्यांच्या जगात या सापासाठी साधारण आकडे ठरलेले आहेत. पेटीची एक बाजू ३१ ते ३२ अंश सेल्सिअस, दुसरी २५-२६. कॉर्न स्नेक हा उत्तर अमेरिकेतला साप आहे, त्याला याहून थोडं गार चालतं. पण आकड्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोन बाजूंमधला फरक. अख्खी पेटी ३२ वर ठेवली तर तेही चूक, कारण मग त्याला पळायला जागाच उरत नाही. आणि दोन्ही बाजूंना लपायची जागा हवी. समजा, लपण्याचं खोकं फक्त गार बाजूला आहे. साप तिथेच बसून राहील, कारण उघड्यावर येण्याची भीती त्याला थंडीपेक्षा मोठी वाटते. त्याला ऊब हवी असते, ती सहा इंचांवर असते, आणि तो जात नाही. मग उंदीर खाल्लेला असेल तर तो पोटात नीट पचत नाही आणि चार दिवसांनी साप तो ओकून टाकतो. मालक म्हणतो, 'खाणं बाधलं.' बाधलेलं असतं तापमान. असं बरेच दिवस चाललं की नाकातून फुगे, उघडं तोंड, घरघर, म्हणजे श्वसनाचा संसर्ग सुरू होतो.

ऊब वरून की खालून?

खरी गंमत इथून सुरू होते. सगळ्यात वाईट पर्याय आधी: 'हीट रॉक'. दगडासारखी दिसणारी, आतून विजेवर तापणारी वस्तू. दिसते भारी. पण तिच्यातला एखादा भाग भलताच तापतो आणि साप त्यावर बसून राहतो, पोट भाजेपर्यंत. ज्या प्राण्याला अंधारात उंदराची ऊब कळते, त्याला स्वतःच्या पोटाखालचा चटका वेळेवर कळू नये, हे विचित्र वाटतं खरं. पण उन्हाने तापलेला दगड सूर्य कलला की निवतो. विजेचा दगड कधीच निवत नाही.

दुसरा पर्याय हीट मॅट. पातळ, कागदासारखी चटई, टाकीच्या खाली चिकटवायची. स्वस्त आणि वीज कमी खाणारी. पण ती तळ तापवते, हवा नाही. थंड खोलीत तिचा फारसा उपयोग होत नाही. आणि इथेच ऊब आणि अंथरूण यांची गाठ पडते. मॅटवर चार इंच भुसा पसरला तर उष्णता वर येतच नाही. वरचा थर्मामीटर २५ दाखवतो, मालक मॅटचा काटा वाढवतो, तळ तापत राहतो. मग साप भुसा उकरून खाली जातो आणि थेट तापलेल्या तळावर जाऊन बसतो. म्हणजे मॅट वापरायची तर अंथरूण पातळ हवं, आणि जाड अंथरूण हवं असेल तर ऊब वरून द्यायला हवी.

वरून देण्याचेही दोन-तीन प्रकार आहेत. साधा हॅलोजन दिवा सूर्याच्या सगळ्यात जवळचा, कारण त्याची उष्णता कातडीच्या आतपर्यंत पोचते. मात्र तो दिवसाच चालवायचा, रात्री या निशाचर प्राण्याला उजेड नको. पूर्वी लोक रात्री लाल बल्ब लावायचे, 'सापाला लाल दिसत नाही' या समजुतीवर. आता जाणकार तो टाळायला सांगतात. दुसरा प्रकार सिरॅमिक हीटर. हा उजेड न देता फक्त तापतो, रात्रीसाठी बरा. पण हवा कोरडी करतो. या सगळ्यांभोवती जाळी हवीच, कारण साप गरम बल्बला मिठी मारतो. शब्दशः.

आणि थर्मोस्टॅट. माझ्या मते सापाआधी तो विकत घ्यावा. ऊब देणारं कुठलंही उपकरण थर्मोस्टॅटशिवाय लावणं म्हणजे गॅस पेटवून गावाला जाणं.

मँचेस्टरमधली जानेवारी

माझी मावसबहीण मँचेस्टरला एमएस्सी करते. तिच्या फ्लॅटमेटकडे रॉयल पायथन आहे. ब्रिटनमध्ये २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार पाळलेल्या सापाच्या गरजा भागवणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे, त्यामुळे तिकडे लोक हे प्रकरण बऱ्यापैकी गांभीर्याने घेतात. फ्लॅटमेट नाताळाच्या सुट्टीत घरी गेली आणि जाताना ताईच्या हातात दोन पानं सूचना ठेवून गेली. त्यात 'खायला घालू नकोस, पाणी बदल, रोज तापमान बघ' एवढंच ठळक होतं. आमची ताई म्हणजे लहानपणी गांडूळ बघून कॉटवर चढणारी. पण फुकट राहणाऱ्या पाहुण्यासारखा तो साप तिला हळूहळू आवडायला लागला.

दहाव्या-अकराव्या दिवशी साप पाण्याच्या भांड्यात वेटोळं करून बसलेला दिसला. दुसऱ्या दिवशीही तिथेच. सूचनांमध्ये हे नव्हतं. थर्मोस्टॅटच्या पडद्यावर आकडा होता १७. बाहेर बर्फ, बिलाच्या भीतीने घरातलं हीटिंग अर्धा दिवस बंद, त्यामुळे तिला वाटलं, बिचारा गारठलाय. ती आकडा वाढवणारच होती. त्याआधी तिने पेटीत हात घातला आणि पटकन मागे घेतला.

झालं होतं असं की थर्मोस्टॅटची सळी, जी तापमान मोजते, ती पेटीत टेपने चिकटवलेली होती. ओलाव्याने टेप सुटली आणि पाणी बदलताना कधीतरी सळी झाकणातून बाहेर येऊन खिडकीला टेकली. बिचारा थर्मोस्टॅट प्रामाणिकपणे खिडकीचं तापमान मोजत होता आणि 'अजून थंड आहे' म्हणून मॅट पूर्ण ताकदीने चालवत होता. फ्लॅटमेटच्या ड्रॉवरमध्ये बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर होता. त्याने तळ मोजला तर ४४. ताईने आधी प्लग ओढला, मग फोन लावला.

साप वाचला. पोटावर तळहाताएवढा लालसर पट्टा उठला होता. व्हेटने मलम दिलं आणि सांगितलं, आता आठवडे लागतील, दोन-तीन काती टाकेपर्यंत कातडी पूर्ण बरी होणार नाही. तोवर भुसा, काथ्या सगळं बंद. फक्त कागद.

"सापाने मला सांगितलं होतं गं," ताई फोनवर म्हणाली. "तो पाण्यात जाऊन बसला होता. मला त्याची भाषा येत नव्हती."

यातून कामाच्या दोन गोष्टी. सळी टेपने लावायची नाही. टेप सुटते, आणि सुटली नाही तर सापाच्या कातडीला चिकटून खवले ओढते. ती क्लिपने किंवा स्क्रूने पक्की करायची. आणि थर्मोस्टॅटच्या आकड्यावर विसंबायचं नाही. वेगळा थर्मामीटर हवा, कारण थर्मोस्टॅट फक्त त्याच्या सळीच्या टोकापुरतं जग ओळखतो.

खाली काय घालायचं

तर, कागद. तुमच्या हातातला हा पेपर, आमची पुरवणी धरून, सापाच्या पेटीत अंथरायला उत्तम आहे. (संपादकांनी हे वाक्य ठेवलं याबद्दल आभार.) स्वस्त, रोज बदलता येणारा, जखम झालेल्या किंवा नव्याने आणलेल्या सापासाठी सगळ्यात सुरक्षित. सापाच्या अंगावर माइट्स नावाचे टाचणीच्या टोकाएवढे किडे होतात, ते पांढऱ्या कागदावर लगेच दिसतात. तोटा एकच आणि तो मोठा आहे: कागदात उकरता येत नाही, ओल टिकत नाही. बिळातल्या प्राण्याला आयुष्यभर कागदावर ठेवणं म्हणजे आपल्याला आयुष्यभर रेल्वेच्या वेटिंग रूममध्ये ठेवणं.

कॉर्न स्नेक पाळणाऱ्यांचा आवडता माल म्हणजे अ‍ॅस्पेन लाकडाचा भुसा. सुताराच्या रंध्याखाली पडतात तशा बारीक ढलप्या. साप त्यात बोगदे करतो आणि ते बोगदे ढासळत नाहीत. कोरड्यात राहणाऱ्या सापाला मस्त. बॉल पायथनला मात्र हवेत ६० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते, आणि ओला झाला की अ‍ॅस्पेनला बुरशी येते. म्हणून त्याच्यासाठी नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोकोपीट किंवा सायप्रस झाडाच्या सालीचा चुरा वापरतात. कोकोपीटच्या विटा आपल्याकडे कुठल्याही नर्सरीत मिळतात, गच्चीवर मिरच्या लावणाऱ्या काकूंना विचारा. पाण्यात टाकली की वीट पाच-सहा पट फुगते. मात्र एक वेगळाच मुद्दा आहे: ओल तळाला हवी, वरचा थर कोरडा हवा. वर चिखल झाला की सापाच्या पोटाचे खवले सडायला लागतात.

ओल कमी पडली तर काय होतं, ते कात टाकताना कळतं. निरोगी सापाची कात मोज्यासारखी अखंड निघते. हवा कोरडी असेल तर ती तुकड्या-तुकड्यांनी अंगावर राहते. शेपटीच्या टोकाला कडं राहिलं तर तिथला रक्तपुरवठा आवळला जातो. डोळ्यावरची पारदर्शक चकतीही कातीबरोबर निघायला हवी. ती राहिली की लोक चिमट्याने ओढायला जातात आणि डोळाच जायबंदी करतात. अशा वेळी एका डब्यात ओलं शेवाळ घालून, झाकणाला भोक पाडून तो डबा पेटीत ठेवायचा. साप आपला आपण आत जातो.

टाळायचं काय? सीडर लाकडाचा भुसा अजिबात नाही, त्याच्या सुगंधी तेलाचा सापाच्या फुप्फुसांना त्रास होतो. 'किती छान वास येतो' ही आपल्यासाठी तारीफ आहे, बंद पेटीत राहणाऱ्यासाठी नाही. आणि बॉल पायथनखाली वाळू नको. ती धुळीसारखी नाकातोंडात जाते, ओल धरत नाही, भक्ष्याला चिकटून पोटात जाते. वाळूत राहणारे साप आहेत, आपलं मांडूळ त्यातलंच. शेपूट डोक्यासारखी बोथट असते म्हणून आपण त्याला 'दुतोंड्या' केलं, गुप्तधनाच्या अफवा त्याच्या नावावर खपवल्या आणि त्यासाठी त्याची तस्करी होते. त्या बिचाऱ्याला भुसभुशीत मातीत डोकं खुपसून पडून राहण्यापलीकडे काही नको असतं.

आपल्याकडे प्रश्न उलटा

परदेशातले व्हिडिओ बघून इथे पेटी लावणारे एका ठिकाणी फसतात. ते सगळे व्हिडिओ थंडीविरुद्धचे आहेत. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. तिथे पेटी गरम करायची कशाला, गार बाजू आणायची कुठून हा प्रश्न आहे. बॉल पायथनला ३५ च्या वरचं तापमान फार वेळ सोसत नाही, आणि काचेची टाकी खिडकीच्या उन्हात अर्धा तास राहिली तरी तिची भट्टी होते. मुंबईत जुलैमध्ये हवेतच इतकी ओल असते की नारळाचा भुसा आठवड्यात कुबट वास मारतो; तिथे पावसाळ्यात पुन्हा कागदावर आलेलं बरं. पुण्यात डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा मात्र ब्रिटिश व्हिडिओ कामाला येतात. लोडशेडिंग असलेल्या गावात कितीही भारी थर्मोस्टॅट असला तरी वीज गेल्यावर तो एक डबा असतो.

उष्ण देशात साप ठेवण्याची आपली जुनी पद्धत मडक्याची. बत्तीस शिराळ्यात नागपंचमीच्या आधी पकडलेले नाग गाडग्या-मडक्यांत ठेवायचे. न्यायालयाने त्यावर बंदी आणली, आणि ते योग्यच झालं. पण मडकं ही वस्तू वाईट नाही. तमिळनाडूत मामल्लपुरमजवळ इरुला आदिवासींची सहकारी संस्था आहे, १९७८ साली स्थापन झालेली. सरकारी परवानगीने ते नाग, घोणस, मण्यार, फुरसं पकडतात आणि प्रतिविष बनवण्यासाठी त्यांचं विष काढतात. तिथे साप मातीच्या मडक्यांत असतात. मडक्यात वाळू, तोंडाला कापड बांधलेलं. माती बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही, अंधार असतो, कापडातून हवा खेळते. हीटर नाही, सळी नाही, वायर नाही. अर्थात हे पाळणं नाही. साधारण तीन आठवडे, त्यात चार वेळा विष काढायचं, पोटाच्या खवल्यावर खूण करायची आणि जंगलात सोडून द्यायचं.

पाळलेला साप तीन आठवड्यांनी जात नाही. बॉल पायथन नीट ठेवला तर वीस-तीस वर्षं जगतो. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने २०२० मध्ये, वयाची किमान ६२ वर्षं झालेली असताना, अंडी घातली होती. म्हणजे सेकंड इयरला घेतलेला साप तुमच्या पहिल्या नोकरीत, तिसऱ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, लग्नाच्या बोलणीत आणि मुलांच्या शाळा प्रवेशात तुमच्यासोबत असणार. त्यातल्या प्रत्येक शहरात सरपटणाऱ्या प्राण्यांना तपासणारा व्हेट शोधावा लागणार, आणि प्रत्येक घरमालकाला पेटीत काय आहे ते सांगावं लागणार.

मँचेस्टरच्या त्या सापाचं पोट आता बरं झालंय. फ्लॅटमेटची डिग्री जूनमध्ये संपते, पुढची नोकरी डब्लिनला आहे आणि तिथल्या खोलीत प्राणी चालत नाहीत. गेल्या आठवड्यात तिने युनिव्हर्सिटीच्या नोटीस बोर्डवर चिठ्ठी लावली आहे: रॉयल पायथन, वय सहा, पेटी आणि नव्या थर्मोस्टॅटसकट, चांगल्या घरी मोफत. अजून कुणाचा फोन आलेला नाही.